लाकडी वाशांवरील प्लायवुडच्या जमिनीवर टाइल बसवण्यापूर्वी कोणती तयारी करावी?

प्रश्न (धागाकर्ता : सुतारपक्षी)

नमस्कार. आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरील जमीन लाकडी वाशांवर १८ मिमी जाडीचे प्लायवुड ठोकून केलेली आहे. तेथील एका खोलीत आधीच्या रहिवाशांनी टाइल थेट प्लायवर चिकटवल्या होत्या. त्यांतील काहींना चिरा गेल्या होत्या, पण त्या वेड्यावाकड्या नव्हत्या. सलग चार टाइलांमधून एकाच सरळ रेषेत गेलेल्या होत्या. सर्व टाइल काढल्यावर लक्षात आले, की ती रेषा दोन प्लायच्या सांध्यावर बरोबर बसते. आता तेथे ६०० × ६०० मिमीच्या व्हिट्रिफाइड टाइल बसवायच्या आहेत. वाशांमधील अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ४०० मिमी असून वाशांचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधील लांबी, ३.६ मीटर आहे. चालताना दोन जागी जमीन करकरते. उत्तम प्रतीचे अ‍ॅडहेसिव्ह वापरले तर एवढ्यावर भागेल का, की वर आणखी एक प्लाय किंवा सिमेंट बोर्ड घालणे आवश्यक आहे? कामाचा क्रमही कळला तर फार उपकार होतील.

प्रतिसाद १ (ओळंबा)

आपण चिरांची दिशा पाहिलीत हे फार चांगले केलेत, कारण निम्मे उत्तर तिथेच आहे. टाइल आणि ग्राउट (टाइलांमधल्या फटी भरायचे मिश्रण) हे ताठ पदार्थ आहेत. ते वाकत नाहीत, तुटतात. प्लायवुड मात्र वजनाखाली लवते आणि हवेतील दमटपणाप्रमाणे फुगते व आकसते, आणि या दोन्ही हालचाली सर्वांत जास्त प्रकट होतात त्या सांध्यावर. त्यामुळे अ‍ॅडहेसिव्ह कितीही चांगले असले तरी ते टाइलला हलणाऱ्या सांध्याशी अधिक घट्ट बांधते, एवढेच. केवळ अ‍ॅडहेसिव्हवर भिस्त ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात वाशांपासून करा. सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड टाइलसाठी सर्वसाधारण कसोटी अशी, की भार आल्यावर जमीन गाळ्याच्या लांबीच्या ३६० व्या भागापेक्षा जास्त लवू नये. आपल्या ३.६ मीटरच्या गाळ्यात ही मर्यादा १० मिमी होते. नैसर्गिक दगडाच्या फरशीसाठी तीच निम्मी, म्हणजे ५ मिमी धरतात. खोलीच्या मधोमध पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवून कोणाला तरी शेजारून दमदार पावले टाकत चालायला सांगा. हे मोजमाप नव्हे, पण पाणी हिंदकळून सांडत असेल, तर वासे कमी पडतात असा संशय घ्यायला पुरेसे कारण आहे. अशा वेळी खालून जोडवासा, म्हणजे जुन्या वाशाला लागून जोडलेला दुसरा वासा, लावणे किंवा गाळ्याच्या मध्याला आधार देणे हाच उपाय असतो आणि तो जाणकार अभियंत्याला वासे दाखवूनच करावा. वरून कितीही थर चढवले तरी अशक्त वाशांचा दोष झाकला जात नाही.

करकर म्हणजे प्लाय आणि वासा यांच्यात फट आहे आणि जुना खिळा त्या फटीत वरखाली होतो आहे. तेथे प्लायमधून थेट वाशात जाणारे ५० मिमीचे लाकडाचे स्क्रू घट्ट बसवा आणि त्यांची डोकी पृष्ठभागाच्या किंचित खाली जातील असे पाहा. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू मात्र येथे चालणार नाहीत, कारण ते ठिसूळ असतात आणि जमीन हलू लागली की त्यांची डोकी तुटतात.

प्रतिसाद २ (दातेरी थापी)

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. वासे भक्कम ठरले, तर ४०० मिमी अंतरावरील १८ मिमी प्लायवर सिमेंट बोर्ड बसवून काम होऊ शकते. तरीही टाइल ६०० मिमीच्या असल्यामुळे मी स्वतः आधी १२ मिमीचा दुसरा प्लाय घालीन. तो बाहेरच्या वापरासाठीच्या, पाण्याने न सुटणाऱ्या डिंकाचा असावा. पार्टिकल बोर्ड कधीही वापरू नये, कारण ओल लागताच तो फुगतो आणि पुन्हा मूळ जाडीवर येत नाही. वरच्या प्लायचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नयेत. आपल्या घरी जे घडले ते टाळण्याचा हा सर्वांत साधा मार्ग आहे. प्लायच्या दोन तक्त्यांमध्ये ३ मिमी आणि भिंतीलगत ६ मिमी फट मोकळी सोडावी. स्क्रू कडांना सुमारे १५० मिमी आणि मधल्या भागात २०० मिमी अंतरावर, शक्य तेथे खालच्या वाशातही पकडतील असे लावावेत.

त्यावर ६ मिमीचा सिमेंट बोर्ड. बोर्ड कोरडा ठेवून नुसता स्क्रूने आवळणे ही सर्रास होणारी चूक आहे. त्याच्याखाली दातेरी थापीने ओढलेला अ‍ॅडहेसिव्हचा थर हवाच. तो बोर्ड चिकटवण्यापेक्षाही त्याच्या खालच्या पोकळ्या भरण्यासाठी असतो. बोर्डांच्या सांध्यांवर अल्कलीला टिकणारी जाळीची पट्टी लावून अ‍ॅडहेसिव्हने सांधे भरावेत. सिमेंट बोर्डामुळे टाइलला धरायला चांगला, ओलीने न बदलणारा पृष्ठभाग मिळतो. जमिनीची ताकद मात्र त्याने वाढत नाही. बोर्ड कापताना करवतीऐवजी सुरीने खोल रेघ मारून तो मोडावा, कारण त्याच्या धुळीतील सिलिका फुफ्फुसांना घातक असते. मुखपट्टी तरीही लावावीच.

प्रतिसाद ३ (वासेकरी)

एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. दुसऱ्या प्लायचे स्क्रू वाशात मुद्दाम नेऊ नयेत. ते फक्त खालच्या प्लायला धरतील इतक्याच लांबीचे, म्हणजे या ठिकाणी २५ ते ३० मिमीचे असावेत आणि वाशांच्या रेषा टाळून लावावेत. जमीन लवताना वाशाच्या माथ्यावर सर्वांत जास्त ताण येतो आणि वरचा थर तेथेच जखडला, तर तो ताण जसाच्या तसा टाइलपर्यंत पोहोचतो. मी स्वतःच्या घरी एकदा नेमके हेच केले होते आणि पुढे वाशांच्या रेषेवरचे ग्राउट भुरभुरून सुटत गेले. त्या खोलीचे काम मला पुन्हा करावे लागले.

सिमेंट बोर्डाऐवजी विलगीकरण पटलाचाही विचार करावा. हे सुमारे ३ मिमी जाडीचे, खळगे असलेले प्लास्टिकचे पटल असून त्याच्या खालच्या बाजूला लोकरीसारखे अस्तर असते. प्लाय आडवा फुगला-आकसला तरी ती हालचाल पटलात जिरते आणि टाइलपर्यंत जात नाही. उभी हालचाल, म्हणजे लवणे, मात्र ते रोखत नाही. म्हणून वाशांची तपासणी टळत नाही. दाराशी उंची कमी ठेवायची असेल, तर पटलाचा फायदा मोठा आहे. प्लाय, पटल, अ‍ॅडहेसिव्ह आणि टाइल यांची एकूण जाडी आधीच मोजून दार उघडते का, हे काम सुरू करण्यापूर्वी पाहून घ्या.

धागाकर्ता (सुतारपक्षी)

सर्वांचे मनापासून आभार. पेल्यातील पाणी हलले, पण सांडले नाही. अभियंत्यांनीही वासे पाहून ते पुरेसे असल्याचे सांगितले. करकर स्क्रूने थांबली आहे. आता दोन अडचणी उरल्या आहेत. एका कोपऱ्यात लांब सरळ पट्टी ठेवल्यावर तिच्याखाली सुमारे ५ मिमीचा खळगा दिसतो आणि निम्म्या खोलीत जुन्या अ‍ॅडहेसिव्हचे कठीण थर चिकटून आहेत. शिवाय प्लायवर अ‍ॅडहेसिव्ह पसरण्यापूर्वी पाणी मारून तो भिजवावा का?

प्रतिसाद ४ (ओळंबा)

पाणी मुळीच मारू नका. सिमेंटच्या कोब्यावर काम करणाऱ्या कारागिरांना ही सवय असते, परंतु भिजलेला प्लाय फुगतो आणि टाइल बसल्यावर वाळून आकसतो. प्लाय अ‍ॅडहेसिव्हमधील पाणी शोषेल अशी भीती वाटत असेल, तर लाकडी पृष्ठभागासाठी बनवलेले, पॉलिमरयुक्त अ‍ॅडहेसिव्ह आणि त्याच्या उत्पादकाने सुचवलेले प्रायमर वापरा. नवा प्लाय व बोर्ड त्या खोलीत दोन-तीन दिवस मोकळे ठेवले, तर ते तेथील हवेशी जुळवून घेतात.

जुने थर खरवडणीने काढा. पट्टी फिरवल्यावर अडखळणार नाही इतके झाले, तरी पुरे, कारण वर नवा प्लाय येणार आहे. मात्र टाइलच्याही आधीचे जुने व्हिनाइल किंवा काळा डांबरी डिंक सापडला, तर तो घासू नका. जुन्या काळच्या अशा साहित्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याची तपासणी झाल्याशिवाय धूळ उडवणे धोक्याचे आहे.

खळग्याबद्दल सांगायचे तर ज्या टाइलची कोणतीही बाजू ३८० मिमी किंवा त्याहून लांब आहे, तिच्यासाठी ३ मीटरच्या पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त फरक नसावा. लहान टाइलला ६ मिमीपर्यंत चालते. म्हणजे आपला ५ मिमीचा खळगा लहान टाइलला खपला असता, ६०० मिमीच्या टाइलला खपणार नाही. तो अ‍ॅडहेसिव्हच्या जाड थराने भरण्याचा मोह टाळा, कारण जाड थर वाळताना आकसतो आणि टाइलचे कोपरे वरखाली होतात. लाकडावर चालणारे, तंतुयुक्त स्वयंसमतल मिश्रण, म्हणजे ओतल्यावर आपोआप सपाट पसरणारे मिश्रण, वापरा. ओतण्यापूर्वी प्लायचे सांधे आणि स्क्रूंची छिद्रे बंद करा, नाहीतर ते खालच्या मजल्यावर झिरपेल, आणि भिंतीलगत फोमची पट्टी उभी करा. मिश्रण वाळल्यावर पट्टी पुन्हा सर्व दिशांना फिरवून पाहा. त्यानंतर धूळ झाडूने नव्हे, व्हॅक्यूमने काढा. धुळीचा पातळ थर राहिला, तरी अ‍ॅडहेसिव्ह प्लायला न धरता धुळीलाच धरते.

टाइल बसवताना पहिली एक-दोन टाइल लगेच उचलून तिची पाठ पाहा. कोरड्या खोलीत किमान ८० टक्के आणि ओल्या जागी ९५ टक्के पाठ अ‍ॅडहेसिव्हने माखलेली हवी. भिंतीलगतची ६ मिमीची फट ग्राउटने भरू नका. ती मोकळी ठेवा किंवा लवचीक सीलंटने भरा; वर स्कर्टिंग आले की ती दिसतही नाही.