दिवाळीच्या सुट्टीत मालवणला घरच्या आठ जणांसाठी स्वतंत्र होडी आणि स्नॉर्केलिंग: मार्गदर्शन हवे आहे

गिरणाकाठ (पाचोरा)

सर्वांना नमस्कार. कापसाची पहिली वेचणी आटोपल्यावर आम्हाला जेमतेम पाच-सहा दिवस मोकळे मिळतात, आणि यंदा ते दिवस मालवणला घालवावेत असे घरात ठरले आहे. मी व माझे यजमान, ११ आणि ८ वर्षांची आमची दोन मुले, दीर, जाऊबाई, त्यांचा १४ वर्षांचा मुलगा आणि ६३ वर्षांच्या सासूबाई असे आम्ही आठ जण आहोत. यजमान आणि दीर लहानपणी विहिरीत पोहायला शिकले आहेत. पुतण्या तरणतलावात पोहतो. जाऊबाईंना आणि मला पोहता येत नाही, मुलांना थोडेफार येते. सासूबाईंनी समुद्र आयुष्यात एकदाच, तोही मुंबईला रस्त्यावरून पाहिला आहे. तरीही "मला किनाऱ्यावर बसवून जाऊ नका" असे त्यांनी आधीच बजावले आहे.

अनोळखी माणसांबरोबर जाण्यापेक्षा आमच्यापुरती एक होडी ठरवावी, अर्धा दिवस पाण्यावर राहावे, शिडाची होडी मिळाल्यास फारच उत्तम, आणि ज्यांना जमेल त्यांनी स्नॉर्केलिंग करावे, म्हणजे मास्क व श्वासाची नळी लावून पालथे तरंगत पाण्याखालचे मासे व प्रवाळ पाहावेत असा विचार आहे. स्वतंत्र होडीला खर्च साहजिकच अधिक येतो. तो करण्यात अर्थ आहे का, कोणते दिवस निवडावेत, पोहता न येणाऱ्यांनी पाण्यात उतरावे का आणि होडी ठरवताना नेमके काय विचारावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

भरीत-भाकरी (जळगाव)

ताई, दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघे कोकणातल्या एका किनाऱ्यावरून अशाच सहलीला गेलो होतो. होडी सामाईक होती आणि तिच्यात आमच्याखेरीज वीसहून अधिक माणसे होती. प्रत्येकाच्या वाट्याला पाण्यात दहा-पंधरा मिनिटे येत होती. माझ्या पत्नीला नाकाऐवजी तोंडाने श्वास घेण्याची सवय होण्यातच त्यांतील निम्मा वेळ गेला, तोवर पुढच्या माणसाला उतरवण्याची घाई सुरू झाली. तिने खाली पाहिले ते केवळ हिरवट अंधुक पाणी. बाहेर निघताना होडीला शिडी नव्हती, त्यामुळे दोघांनी दंडाला धरून तिला वर ओढले आणि तिचा खांदा पुढे महिनाभर दुखत राहिला. ते खलाशी वाईट माणसे नव्हती. त्यांना दिवसातून सहा-सात फेऱ्या करायच्या होत्या, एवढेच. तरीही त्या दिवसाचे मला अजून वाईट वाटते, कारण पाण्यात उतरण्याचे धाडस तिने आयुष्यात प्रथमच केले होते.

म्हणून स्वतंत्र होडीचा खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जी व्यक्ती सर्वांत घाबरते तिच्या गतीने सगळ्यांना थांबता येते, हा त्या पैशाचा खरा मोबदला आहे.

कुरटे बेट (भुसावळ)

मी मूळचा मालवणचा असून रेल्वेच्या नोकरीमुळे गेली १९ वर्षे भुसावळला आहे. घरी वडिलांची आणि काकांची मासेमारीची होडी होती, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम शिडाविषयी. मालवण, तारकर्ली आणि देवबाग येथे पर्यटकांना मिळणाऱ्या होड्या जवळजवळ सगळ्या इंजिनाच्या असतात. शिडावर चालणारी होडी पर्यटकांसाठी सहसा मिळत नाही, म्हणून "सेलिंग" या शब्दावर भुलून कोणी अधिक पैसे मागितले, तर होडीला डोलकाठी आणि शीड खरोखर आहे का, हे छायाचित्र मागवून पाहावे. शिडाचाच अनुभव हवा असेल तर तो गोव्यात एखाद्या संध्याकाळी वेगळा घेता येईल. स्नॉर्केलिंगला मात्र इंजिनाची लहान होडी गैरसोयीची नाही, कारण जागा किनाऱ्यापासून जवळ आहेत.

आता दिवस कोणते निवडावेत, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. पावसाळ्यात जून ते ऑगस्ट आमच्याकडे पर्यटनाच्या होड्या बंद असतात. त्यानंतरही खाड्यांनी आणलेला गाळ खाली बसायला वेळ लागतो, त्यामुळे दिवाळीपेक्षा डिसेंबर-जानेवारीत पाणी अधिक नितळ मिळते. तापीला पूर आल्यावर काळ्या मातीचे पाणी कसे दिसते, हे आपण खानदेशात दरवर्षी पाहतो. तापी आणि नर्मदा यांचा गाळ खंभातच्या आखाताकडे जातो, म्हणून सुरतेकडचा समुद्र आपल्याला अंतराने जवळ असला तरी तिथे पाण्याखाली पाहण्याजोगे काही दिसत नाही. मालवणला खडकाळ तळ आहे आणि मोठी नदी नाही, हाच तिथल्या पाण्याचा गुण.

आपल्याला दिवाळीतच जायचे असेल तर तिथी पाहून जावे. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास उधाणाची भरती येते. पाण्याला ओढ असते आणि तळाची वाळू उसळून पाणी गढूळ होते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी आणि ओढही कमी. हा भांगाचा परिणाम अष्टमीनंतर एक-दोन दिवस टिकतो. भरतीची वेळ काढण्याचा आमच्याकडचा जुना हिशेब असा आहे की तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, तितक्या वाजता पूर्ण भरती. नवमीला पावणेसात आणि दशमीला साडेसात. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरावा आणि त्या दिवसाची नेमकी वेळ तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुख खलाशाला, विचारावी. आता दिवाळीचे पाहा. भाऊबीज ही कार्तिक शुद्ध द्वितीया. त्या दिवशी उधाण अजून ओसरलेले नसते आणि भरती दुपारी दीडला, म्हणजे सकाळी सात-साडेसातला पूर्ण ओहोटी असते. बहुतेक कुटुंबे नेमकी भाऊबीज आटोपून लगेच निघतात आणि पाणी गढूळ निघाले म्हणून खट्टू होऊन परततात. आपण आठवडाभर थांबून नवमी-दशमीला पाण्यावर गेलात, तर भांगाचे शांत पाणी आणि सकाळची भरती ही दोन्ही एकत्र मिळतील. दुसऱ्या दिवशी कार्तिकी एकादशी असते, सासूबाईंचा उपवास असेल तर तोही अडचणीत येणार नाही.

वेळ सकाळचीच धरावी. रात्रीपासून जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे सकाळपर्यंत मंदावलेले असतात आणि पाण्याचा पृष्ठभाग सपाट असतो; दुपारी खारे वारे सुटले की लाटा उठतात. साडेसातला होडी सुटली पाहिजे. तांडेल "दहाला या, काही फरक पडत नाही" म्हणाला तर दुसरा तांडेल पाहावा, कारण फरक पडतो.

स्नॉर्केलिंग प्रामुख्याने सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील खडकांवर होते. किल्ला ज्या कुरटे बेटावर आहे त्याच्या भोवतीचा हा समुद्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आणि त्यातला गाभा ३.१८ चौरस किलोमीटर. येथील प्रवाळ अंदमानसारखे रंगीबेरंगी नाहीत, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. मासे मात्र भरपूर दिसतात. छायाचित्रात मासे जवळ यावेत म्हणून काही जण पाण्यात पाव व बिस्किटे टाकतात, ते आपल्या होडीवर होऊ देऊ नका. माशांना ते खाद्य अपायकारक आहे. प्रवाळावर उभेही राहू नये. तो दगड दिसतो, पण जिवंत प्राण्यांची वसाहत आहे आणि पायाखाली मोडलेला भाग भरून यायला वर्षे लागतात. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून घरी आणणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा ठरतो. हे सांगताना मी जरा कठोर होतो, पण लहानपणी ज्या खडकांवर मी गच्च प्रवाळ पाहिले त्यांतले काही आज उघडे पडले आहेत.

होडी ठरवताना प्रवाशांचा परवाना आणि मान्य प्रवासीसंख्या विचारावी. लाइफ जॅकेट ८ वर्षांच्या मुलाच्या मापाचे आहे का हे प्रत्यक्ष घालून पाहावे, कारण मोठ्यांचे जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निसटते. वर चढण्यासाठी शिडी हवीच. वरील अनुभव वाचून वाईट वाटले. माणसे पाण्यात असताना इंजिन पूर्ण बंद असले पाहिजे, आणि मार्गदर्शक पाण्यात उतरला तरी होडीवर दुसरा खलाशी थांबला पाहिजे. हवामान बिघडल्यास पैसे परत मिळतील की दुसरा दिवस मिळेल, हे मोबाइलवर लिहून घ्यावे.

कान-नाक-घसा (धुळे)

मी डॉक्टर आहे, म्हणून केवळ प्रकृतीविषयी लिहितो. सासूबाईंना रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असेल तर पाण्यात उतरण्याचा निर्णय त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. होडीत बसून येण्याला सहसा अडचण नसते. सर्दी झालेली असेल किंवा कान वाहत असेल तर मुलांनाही उतरवू नये.

होडी लागण्याचा त्रास आपल्याकडच्या मंडळींना अनेकदा होतो, कारण हलत्या पाण्याची सवय नसते. आदल्या रात्री तिखट शेवभाजी किंवा तेलकट जेवण टाळावे, सकाळी हलके खावे, पण पूर्ण उपाशीही निघू नये. होडीत मध्यभागी बसावे आणि दूर क्षितिजाकडे पाहावे. मोबाइलमध्ये मान घातली की मळमळ वाढते. ॲवोमिनसारखी गोळी बरेच जण घेतात. तिने गुंगी येते, म्हणून जो पाण्यात उतरणार आहे त्याने ती प्रथमच समुद्रावर घेऊ नये; घरी एकदा घेऊन परिणाम पाहावा, आणि मुलांसाठी तसेच इतर औषधे सुरू असलेल्यांसाठी डॉक्टरांना विचारावे.

पालथे तरंगताना पाठ आणि पोटऱ्या उन्हाने भाजतात आणि पाण्याच्या गारव्यामुळे ते वेळीच कळत नाही. पूर्ण बाह्यांचा अंगालगत बसणारा सदरा हा त्यावरचा सर्वांत चांगला उपाय आहे. सनस्क्रीनमधील ऑक्सिबेन्झोन हे द्रव्य प्रवाळाला घातक मानले जाते, हवाई बेटांवर २०२१ पासून त्याच्या विक्रीला बंदी आहे. कापड वापरले की तो प्रश्नच बराचसा मिटतो.

सातपुड्याचा वारा (शहादा)

शीड आणि स्नॉर्केलिंग दोन्ही एकाच दिवशी हवे असेल, आणि पारपत्र काढण्याची तयारी असेल, तर पुढे कधीतरी मॉरिशसचा विचार करावा. तेथे कॅटामरान, म्हणजे दोन सांगाड्यांची रुंद शिडाची बोट, दिवसभरासाठी ठरवता येते. ती एका अंगाला फारशी कलत नाही, म्हणून ज्येष्ठांना सोयीची पडते. ब्लू बे येथील सागरी उद्यानाचे पाणी इतके नितळ आहे की काठावरून प्रवाळ दिसतात. यंदासाठी मात्र मालवणच योग्य. पहिल्यांदा उतरणाऱ्यांनी आपली भाषा बोलणाऱ्या तांडेलाबरोबर उतरणे, हे मला फार मोलाचे वाटते.

प्रवासाविषयी एक माहिती: दिल्लीकडून येणारी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस भुसावळ-जळगावमार्गे पुढे कोकण रेल्वेने जाते, त्यामुळे मुंबईला गाडी बदलावी लागत नाही. मालवणसाठी कणकवली, सिंधुदुर्ग आणि कुडाळ ही जवळची स्थानके आहेत. गाडी कोठे थांबते ते आरक्षणाच्या वेळी पाहून घ्यावे. जळगावहून गोव्यातील मोपा विमानतळाला २०२४ मध्ये विमानसेवा सुरू झाली. तिचे चालू वेळापत्रक तपासून पाहावे, कारण मोपा सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सीमेलगतच आहे.

गिरणाकाठ (पाचोरा)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. पंचांग काढून पाहिले. आम्ही षष्ठीला निघून नवमीची सकाळ होडीसाठी ठेवत आहोत. सासूबाई होडीत येतील, पाण्यात उतरणार नाहीत. त्यांना रक्तदाबाची गोळी सुरू आहे. आणखी दोन शंका आहेत. विहिरीत पोहणाऱ्याला समुद्रात वेगळे काय जाणवते? आणि जाऊबाई व मी, ज्यांना पोहता येत नाही, त्यांनी खरोखर उतरावे का?

कुरटे बेट (भुसावळ)

विहिरीतला पोहणारा हात-पाय जोरात मारतो, कारण गोड्या पाण्यात तरंगण्यासाठी तेवढे करावे लागते. खारे पाणी अंगाला अधिक उचलून धरते. तिथे हात स्थिर ठेवून पाय सावकाश हलवले की पुरते. शिवाय विहिरीला चारही बाजूंना काठ असतो, समुद्रात प्रवाह माणसाला नकळत वाहून नेतो. म्हणून यजमानांनी आणि दिरांनीही लाइफ जॅकेट काढू नये, आणि प्रथम प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने जावे, म्हणजे दमल्यावर परत येताना पाणीच साथ देते.

आपण दोघींनी उतरावे, पण जॅकेट घालून, एका वेळी एकीने, आणि मार्गदर्शकाने हात धरलेला असताना. त्याआधी घरी एक सराव करा. मास्क येथूनच विकत घ्या. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर माप बरोबर आहे. पुरुषांच्या दाट मिशीखालून पाणी आत येते, त्यांनी ती वरच्या कडेला थोडी कातरावी. मग मोठ्या टोपात किंवा टाकीत चेहरा बुडवून, नळी तोंडात धरून दहा मिनिटे सावकाश श्वास घ्यायचा. नळीत पाणी शिरले तर जोराने फुंकर मारून ते वर उडवायचे. हे आठ दिवस रोज केले की मालवणला पाण्यात उतरताना श्वासाची चिंता उरत नाही.

सासूबाईंसाठी तांडेलाला काच बसवलेला डबा आणायला सांगा. आमच्या काकांकडे लाकडी होता. तो होडीच्या कडेवरून पाण्यात थोडा बुडवला की लाटांची चमक नाहीशी होते आणि बसल्या जागेवरून तळ दिसतो.