मदत हवी आहे: सोमवारी सकाळची पट्टी पास, दुपारच्या बोन स्कॅनमध्ये मात्र पोट दिसतंय

नमस्कार मंडळी,

मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे. आमच्याकडची हॉट लॅब (किरणोत्सारी औषधं तयार करायची खोली) मी एकटीच बघते, त्यामुळे जवळ विचारायला कोणी नाही.

गेले तीन सोमवार एकच प्रकार घडतोय. सकाळी जनरेटरमधून (मॉलिब्डेनमपासून टेक्नेशियम तयार होत राहतं ते उपकरण) स्कॅनसाठीचं किरणोत्सारी टेक्नेशियम काढते. त्यात मिसळून आलेलं मॉली (मॉलिब्डेनम) ०.१५ मायक्रोक्युरी प्रति मिलिक्युरी या मर्यादेच्या बरंच खाली असतं. नऊच्या सुमारास ते एमडीपीच्या (हाडांत जाऊन बसणारं औषध) किटमध्ये मिसळून व्हायल तयार करते आणि पट्टीवर थेंब टाकून तिची शुद्धता तपासते. ॲसिटोनच्या पट्टीवर फ्री पर्टेक्नेटेट (एमडीपीला न जोडलेलं टेक्नेशियम, जे पोटात आणि थायरॉइडमध्ये जातं) २-३ टक्के येतं, सलाइनच्या पट्टीवर तळाशी कोलॉइड (टेक्नेशियमचे बारीक कण, जे यकृतात जातात) जवळजवळ नसतंच. साडेदहाला इंजेक्शन दिलेल्यांचे स्कॅन स्वच्छ येतात. त्याच व्हायलमधून एक वाजता डोस घेतला, की पोट आणि थायरॉइड उजळतात. यकृत दिसत नाही, म्हणजे कोलॉइडचा प्रश्न नाही. व्हायलची मुदतही संपलेली नसते. मंगळवारपासून सगळं सुरळीत.

परवा एका आजींच्या स्कॅनमध्ये पोट नेमकं डावीकडच्या खालच्या बरगड्यांवर आलं आणि डॉक्टरांना खात्रीने काही सांगता येईना. चार तास एसटीने आलेल्या बाईंना पुन्हा बोलवावं लागलं, पुन्हा इंजेक्शन द्यावं लागलं. तेव्हापासून मला चैन नाही.

मग त्याच दिवशी दीड वाजता उरलेल्या व्हायलची पट्टी केली. फ्री ११ टक्के! म्हणजे शुद्धता ९० च्याही खाली.

माझा संशय असा आहे: शनिवार-रविवार जनरेटर पडून असतो. शुक्रवारनंतर ७२ तासांनी काढलेल्या टेक्नेशियममध्ये ९९एम (स्कॅनमध्ये दिसणारं) जेमतेम ८ टक्के असतं, बाकीचं सगळं ९९ (त्याचाच क्षय होऊन झालेलं, स्कॅनला निरुपयोगी). रोजच्या २४ तासांच्या हिशेबात हेच ९९एम साधारण २८ टक्के भरतं. टेक्नेशियम एमडीपीला जोडण्यासाठी किटमध्ये असलेलं टिन या दोघांत फरक करत नाही, दोघांनाही सारखंच खर्ची पडतं. सोमवारी ते आधीच कमी उरतं, आणि डोस काढताना सुई आत-बाहेर करून जी हवा शिरते ती उरलंसुरलं संपवते, मग टेक्नेशियम पुन्हा फ्री होतं. सकाळची पट्टी हे कसं दाखवणार?

जाणकारांनी कृपया सांगा:

रविवारी कोणीतरी येऊन जनरेटर रिकामा करून ठेवणं तुमच्याकडे चालतं का? की सोमवारी पहिल्यांदा काढलेलं टेक्नेशियम बाजूला ठेवून काही तासांनी पुन्हा काढता? आमच्याकडे पेशंट सकाळपासून बसलेले असतात, त्यामुळे तेवढं थांबणं अवघड आहे. तसं असेल तर एकाच व्हायलऐवजी दुपारसाठी वेगळी व्हायल करणं बरं का?

आणखी एक. पट्टीवरचा थेंब तुम्ही वाळू देता का? हवेत वाळताना तिथेच ऑक्सिडेशन होऊन फ्री जास्त दिसतं म्हणतात. ओला ठेवला तर माझा डाग पसरतो. मी दोन्ही वेळा सारखाच वाळवला होता, म्हणून २ आणि ११ मधला फरक खरा आहे असं मला वाटतं. पण येत्या सोमवारी दुपारची पट्टी लावून पेशंट थांबवायचे, तर आकड्यावर पूर्ण भरवसा हवा.