सेव्ह करताना दरवेळी पासफ्रेज: चावीजोडी घ्यावी की पासफ्रेजच बरा?

पाऊलवाट
मी सहा वर्षं ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये रोजनिशी लिहिते. फाइलीच्या नावाला शेवटी ‘डॉट जीपीजी’ लावलं की ईमॅक्स ती जीपीजी या प्रोग्रॅमने आपोआप एन्क्रिप्ट करतं, म्हणजे इतरांना वाचता येणार नाही अशी कुलूपबंद करतं. उघडताना पासफ्रेज (लांब पासवर्ड) विचारला जातो, ते योग्यच. पण प्रत्येक सेव्हला तीच चौकट, तीही दोनदा! परवा वैतागून मी पासफ्रेज चार अक्षरांवर आणला आणि स्वतःचाच राग आला.

पासफ्रेज लक्षात ठेवण्याची (कॅशची) मुदत वाढवून फरक पडला नाही. जीपीजीचा मदतनीस प्रोग्रॅम, जीपीजी-एजंट, एरवी 600 सेकंद पासफ्रेज लक्षात ठेवतो, पण नुसत्या पासफ्रेजवर एन्क्रिप्ट केलं की प्रत्येक सेव्हला नवं सॉल्ट (पासफ्रेजमध्ये मिसळायचे यादृच्छिक आकडे) तयार होतं आणि पासफ्रेज नव्याने मागितला जातो.

माझं ठाम मत आहे की रोज लिहिणाऱ्याने चावीजोडीच वापरावी: कुलूप लावायला सार्वजनिक चावी, उघडायला खाजगी चावी. फाइलीच्या पहिल्या ओळीत ‘ईपीए-फाइल-एन्क्रिप्ट-टू’ या सेटिंगला आपल्या चावीचा ईमेल द्यायचा. एन्क्रिप्ट करायला सार्वजनिक चावी पुरते, म्हणून सेव्ह करताना काहीच विचारत नाही.

घाटमाथा
मला हे अजिबात पटत नाही. माझ्या लॅपटॉपची डिस्क गेली तेव्हा नोंदींचा बॅकअप शाबूत होता, पण खाजगी चावी होती जीपीजीच्या ‘डॉट जीएनयूपीजी’ फोल्डरमध्ये, आणि तो बॅकअपमध्ये नव्हता. आईच्या आजारपणातल्या दोन वर्षांच्या नोंदी आजही माझ्याकडे आहेत, उघडत मात्र नाहीत. नुसता पासफ्रेज असता तर जीपीजी असलेल्या कुठल्याही मशिनवर उघडल्या असत्या. सेव्हला दोनदा टाइप करण्याचा त्रास मी आनंदाने सोसेन.

पाऊलवाट
वाचून वाईट वाटलं. पण यात दोष चावीचा नाही, तिची प्रत नसण्याचा आहे. जीपीजीच्या ‘एक्स्पोर्ट-सीक्रेट-कीज’ आज्ञेने खाजगी चावी बाहेर काढून एक प्रत पेनड्राइव्हवर, एक कागदावर छापून कपाटात, एवढं केलं की झालं. पासफ्रेज विसरलात तर तोही असाच कायमचा जातो.

घाटमाथा
किती जण ती प्रत काढतात? मी नेमाने बॅकअप घेणारा माणूस, तरी माझं राहिलं. नवख्याला चावीजोडी सुचवायची तर आधी प्रत काढायला सांगा, मग ती पहिली ओळ.

कंदील
हा वाद सोडवण्याआधी चौकट नक्की कुठे अडते ते पाहा. दुसऱ्या मशिनवर एसएसएचने (दुरून लॉगिन करून) टर्मिनलमध्ये काम करत असाल आणि ‘इनअप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस’ अशी तक्रार येत असेल, तर पासफ्रेजचा काही संबंध नाही. पासफ्रेज विचारणाऱ्या पिनएंट्री या प्रोग्रॅमला चौकट कुठे दाखवायची ते कळत नाहीये. शेलच्या (टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये ‘जीपीजी टीटीवाय’ला चालू टर्मिनलचं नाव द्या.

आणि आपल्यासाठी खास गोष्ट: मराठीत लिहिता लिहिता चौकट आली की कीबोर्ड मराठीवरच राहिलेला असू शकतो. चौकटीत नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे इंग्रजी पासफ्रेजच्या जागी देवनागरी अक्षरं गेली हे कळतच नाही. ‘बॅड पासफ्रेज’ आलं की आधी कीबोर्ड बघा.

घाटमाथा
मग पासफ्रेजच मराठीत ठेवला तर? ‘डोंगरदऱ्या’सारखा शब्द मी जन्मात विसरणार नाही.

कंदील
नेमका तोच शब्द नको! ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्त्याचा ‘ऱ’ देतात, काही साध्या ‘र’पुढे हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण जीपीजी बाइट (अक्षरामागचे संगणकी आकडे) बघतं, अक्षराचं रूप नाही. घरच्या कीबोर्डवर ठेवलेला पासफ्रेज ऑफिसात चुकीचा ठरेल. आणि शब्द एकच नको, असंबद्ध पाच-सहा तरी हवेत.

पाऊलवाट
माझा जुना पासफ्रेज गावच्या मशिनवर का चालत नव्हता ते आत्ता उलगडलं. त्यात ‘वाऱ्या’ होता. चावीजोडीवरच राहते, पण घाटमाथा म्हणतात तसं, आज आधी प्रत छापते.

घाटमाथा
आणि ती छापलेली प्रत एकदा दुसऱ्या मशिनवर आयात करून फाइल उघडून बघा. मी अजून पासफ्रेजवरच आहे.