शब्दचर्चा : जहाल, मवाळ

प्रश्न : मवाळ म्हणजे समाजसुधारणेच्या बाजूचे आणि जहाल म्हणजे विरोधातले, असं शाळेत डोक्यात बसलं. मूळ शब्दांत तसा अर्थ आहे का?

उत्तर : नाही. जहाल विष, जहाल मिरची, जहाल भाषा. मवाळ सूर, मवाळ स्वभाव. दोन्ही विशेषणं तीव्रता सांगतात, कशाबद्दलची ते सांगत नाहीत. स्वातंत्र्यापूर्वीच्या काँग्रेसच्या राजकारणातही, जिथे टिळक जहाल आणि गोखले मवाळ, आधी ती रीतीपुरतीच होती : सरकारपुढे अर्ज-विनंत्या करायच्या की बहिष्कार घालायचा?

सुधारणेचा वाद वेगळा आणि आधीचा. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीशी शरीरसंबंधासाठीची किमान वयाची मर्यादा १० वरून १२ केली, तेव्हा परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करू नये म्हणून टिळक विरोधात उभे राहिले. गोखले मात्र आगरकरांच्या ‘सुधारक’ या समाजसुधारणेच्या बाजूच्या पत्रात इंग्रजी मजकूर लिहीत. पुण्यात माणसं तीच असल्यामुळे दोन वाद एकमेकांत मिसळले. पण लाल-बाल-पाल घ्या. लजपतराय आर्यसमाजी, अस्पृश्यतेविरुद्ध बोलणारे. बिपिनचंद्र पाल सुधारणावादी ब्राह्मो समाजातले, त्यांनी विधवेशी लग्न केलं. तीन जहालांपैकी दोघे सुधारक! म्हणजे सांगड शब्दाची नव्हती, पुण्यातल्या वैराची होती.

मला खरी हळहळ वाटते ती त्या काळच्या साध्या वाचकाबद्दल. ज्याला स्वराज्यही हवं होतं आणि मुलींची शाळाही, त्याने कुठे जायचं?

दुसरं उत्तर : व्याकरणाकडेही बघा. ‘जरा मवाळ’, ‘फार जहाल’ असं विशेषणाला कमी-जास्त करता येतं. ‘मवाळांनी’, ‘जहालांचा’ म्हटलं की नाम झालं, आणि नामाला ‘जरा’ लागत नाही. माणूस आत किंवा बाहेर. डिसेंबर १९०७ला काँग्रेसच्या सुरत अधिवेशनात जोडा भिरकावला गेला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांना लागला, तेव्हा अर्ज आणि बहिष्कार यांच्या मधलं काही सुचवायला जागा उरली नव्हती. ती फूट सांधायला १९१६चं लखनौ अधिवेशन उजाडलं.

तिसरं उत्तर : आमच्या गावात यालाच ‘तट पडणे’ म्हणतात. पाण्याच्या टाकीची मागणी वरच्या आळीने आधी केली, म्हणून खालच्या आळीने टाकीच नको म्हटलं. हंडे दोन्हीकडच्या बायका वाहत होत्या. विचारलं तर टाकी का नको याची कारणंही लोक मनापासून सांगायचे, आणि ती त्यांना खरीच वाटायची. आधी तट ठरला, मत मागून आलं.

पहिल्या उत्तराला पुरवणी : ‘आधी तट, मत मागून’ हे अगदी बरोबर. पण तटापलीकडचा माणूसही दिसू शकतो. १९१५ साली गोखले गेले, तेव्हा टिळकांनी त्यांच्या चितेजवळ उभं राहून त्यांना भारताचा हिरा म्हटलं, त्यांचं अनुकरण करा असं सांगितलं. म्हणून मी तरी लिहिताना ‘बहिष्काराबाबत जहाल’, ‘सुधारणेबाबत मवाळ’ असं ‘बाबत’ लावूनच लिहितो. वाक्य लांबतं, लांबू दे.