ऑर्डरी भरपूर पण शनिवारी खर्चीला पैसे नाहीत. फर्निचर वर्कशॉपवाले पेमेंट कसं बसवता?

रंधा_भोसरी
मंडळी नमस्कार. भोसरीत छोटा वर्कशॉप आहे, मी धरून सहा जण. ऑर्डरप्रमाणे फर्निचर करतो म्हणजे किचन, वॉर्डरोब, टीव्ही युनिट, मधेच कोणीतरी सागवानी देव्हारा नाहीतर झोपाळा सांगतं. सात वर्षं झाली. कामाला तोटा नाही, आत्ता पाच ऑर्डरी हातात आहेत आणि तरी शनिवार जवळ आला की पोटात गोळा येतो कारण पोरांना आठवड्याची खर्ची द्यायला खात्यात पैसे नसतात. गेल्या शनिवारी बायकोकडून घेऊन वाटले, घरी काय ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही.

माझी पद्धत अशी की ४० टक्के ॲडव्हान्स, ४० माल साइटवर पोचला की आणि २० फिटिंग झाल्यावर. ते शेवटचे २० मिळता मिळत नाहीत. एका ठिकाणी ७० हजार दोन महिने अडकलेत, कारण काय तर एका शटरच्या बिजागरीचा आवाज येतो. एका इंटिरियरवाल्यांकडे २ लाख ६० हजार आहेत, विचारलं की "क्लायंटने दिले की देतो". खरं सांगायचं तर नवीन गिऱ्हाईकाच्या ॲडव्हान्समधून जुन्याचं लॅमिनेट येतंय, याची टोपी त्याला. मी रेट कमी लावतोय का? की अजून ऑर्डरी घेऊ म्हणजे रोटेशन वाढेल?

पटाशी_कोल्हापूर
अजून ऑर्डरी घेऊ नको भावा, आधी एका कामाचा सरळ हिशोब टाक की हितं. जीएसटी सोडून.

रंधा_भोसरी
शेवटचं काम, किचन आणि दोन वॉर्डरोब, कोटेशन ४ लाख ८० हजार. १८ एमएम प्लाय ३८ शीट, ९५ रुपये फुटाने १ लाख १५ हजार. लॅमिनेट ४८ हजार, हार्डवेअर ६२ हजार. एजबँड, फेव्हिकॉल, टेम्पो, हमाली सगळं मिळून २० हजार धरा. मजुरी ८५ हजार. बाकी शेडचं भाडं, लाइट बिल. प्लाय टिंबर मार्केटमधून महिन्याच्या उधारीवर घेतो, रोखीत ९१ ला देतात.

पटाशी_कोल्हापूर
आता बघ. माल झाला २ लाख ४५ हजार, म्हणजे कामाच्या ५१ टक्के. तू घेतलास ४० टक्के, १ लाख ९२. करवत चालू व्हायच्या आधीच ५३ हजार तुझ्या खिशातले गेले आणि पोरांची मजुरी अजून वेगळीच. पाच ऑर्डरी म्हणजे पाच खड्डे. जितकं काम घेशील तितका जास्त बुडशील, आणि रेट तर तुझा बरा आहे, मजुरी काढून दीड लाख उरतंय. घोळ रेटात नाही, पैसा कधी येतो त्यात आहे.

मी काय करतो सांगतो, सगळ्यांना पटेल असं नाही. माप घेऊन ड्रॉइंगवर सही झाली की १० टक्के, ते परत मिळत नाहीत, नुसती चौकशी करणारे हितंच गळतात. मग प्लाय आणायच्या आदल्या दिवशी ५०. ते आल्याशिवाय मी मार्केटला जातच नाही. माल तयार झाला की गिऱ्हाईकाला वर्कशॉपला बोलवायचं, चहा पाजायचा, ड्रॉवर उघडझाक करून दाखवायचं आणि टेम्पोत चढवायच्या आधी ३५. हे महत्त्वाचं, कारण माल एकदा त्यांच्या घरात गेला की तू मागणारा होतोस. फिटिंगनंतर फक्त ५ टक्के. तुझ्या कामात बसव, पहिल्या दोन हप्त्यातच २ लाख ८८ होतात, माल निघतो आणि अर्धी मजुरी पण.

आणि ते ९१ ९५ चं प्रकरण. आठ बाय चारच्या ३८ शीट म्हणजे १२१६ चौरस फूट, फुटामागं ४ रुपये म्हणजे ४८६४ रुपये तू एका महिन्याच्या उधारीचं देतोयस, १ लाख १० हजाराच्या मालावर. महिन्याला साडेचार टक्के झालं की रं! बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, लागेल तसं उचलायचं कर्ज) काढ त्यापेक्षा.

घर_आणि_प्लाय
मी दुसऱ्या बाजूची, इंटिरियर डिझायनर आहे ठाण्यात. ५ टक्क्यांवर माझा क्लायंट तयार होणार नाही आणि खरं सांगू का, मीही त्याला तसा सल्ला देणार नाही. फिटिंग झालं की मिस्त्री फोन उचलत नाहीत हा अनुभव दर दोन साइटला येतो. लोक २० टक्के अडवतात ते पैशासाठी नाही, तुम्ही परत याल की नाही या भीतीने अडवतात. मग बिजागरीचं निमित्त मिळतं.

माझ्या साइटवर आम्ही १० ठेवतो पण सोबत एक गोष्ट करतो, फिटिंगच्या शेवटच्या दिवशी घरमालक, मिस्त्री आणि मी असे तिघं उभं राहून काय काय राहिलंय त्याची यादी करतो आणि प्रत्येकासमोर रक्कम टाकतो. बिजागरी ५०० रुपये, लॅमिनेटचा एक रंग चुकलाय तो ६ हजार, हँडल उशिरा येणार ते १५००. तेवढेच पैसे थांबतात, बाकीचे त्याच दिवशी द्यायचे. एका बिजागरीसाठी ७० हजार अडवणं त्या माणसालाही कागदावर लिहिताना लाज वाटते.

"क्लायंटने दिले की देतो" हे मात्र चुकीचंच. माझ्या क्लायंटची रिस्क मी सुताराच्या गळ्यात का बांधायची? त्यांच्याशी पुढचं काम करणार असाल तर मालाचे पैसे क्लायंटकडून थेट दुकानदाराला असं ठरवून घ्या.

जमाखर्च_नाशिक
मी सीए आहे, दोनतीन गोष्टी सांगते. इंटिरियरवाले व्यवसाय म्हणून तुमच्याकडून काम घेतात तर तुमची उद्यम नोंदणी (छोटा उद्योग म्हणून सरकारकडे नोंद) आहे का ते बघा, नसेल तर आजच करा, ऑनलाइन होते आणि फुकट आहे, कोणाला पैसे देऊ नका. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं पेमेंट लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचं असं छोट्या उद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. शिवाय २०२४-२५ असेसमेंट वर्षापासून (म्हणजे २०२३-२४ च्या हिशोबापासून) अशी थकलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षी इन्कम टॅक्ससाठी खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच मिळते, त्यामुळे मार्चमध्ये फोन केलात तर आवाज जरा बदललेला ऐकू येतो. सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रारही करता येते. पण नोंदणी काम देण्याआधीची हवी, जुन्या अडकलेल्या बिलाला ती लागू होईल असं धरू नका. फ्लॅटवाल्या घरगुती गिऱ्हाईकाला तर त्या इन्कम टॅक्सच्या नियमाचा काही धाक नाही.

दुसरं जीएसटी. माल पाठवताना बिल फाडलं की मंथली रिटर्नवाल्यांना पुढच्या महिन्याच्या २० तारखेला टॅक्स भरावा लागतो, गिऱ्हाईकाने दिलेले असोत नसोत. ४ लाख ८० हजारावर १८ टक्क्यांनी ८६ हजार ४००. खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट वजा होईल, पण ते पक्कं बिल घेतलं असेल तरच. म्हणून प्रत्येक हप्ता जीएसटीसकट मागा, बरेच जण जीएसटी शेवटच्या हप्त्यात ठेवतात आणि नेमका तोच अडकतो. ॲडव्हान्सचं म्हणाल तर नुसता माल विकत असाल तर ॲडव्हान्सवर लगेच टॅक्स नाही, पण साइटवर भिंतीला पक्कं बांधून दिलेलं काम वर्क्स कॉन्ट्रॅक्ट म्हणजे सेवा धरलं जाऊ शकतं आणि सेवेच्या ॲडव्हान्सवर टॅक्स लागतो. कागद दाखवून तुमच्या सीएकडून पक्कं करून घ्या.

आणि "अर्धे कॅशमध्ये घ्या" म्हणणाऱ्यांपासून जपून, एका कामाचे रोख २ लाख किंवा जास्त घेतले तर तेवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला.

जुनी_करवत
साताऱ्याचा, चाळीस वर्षं झाली या धंद्यात. सगळे टक्के सांगतायत, मी महिने सांगतो. पितृपक्षात ॲडव्हान्स येत नाही आणि दसरा दिवाळीला सगळ्यांना एकदम पाहिजे असतं. दिवाळीआधी बोनस, उचल, गावी जायचं तिकीट सगळं तुमच्याकडून जातं आणि पोरं गेली की तीन आठवडे शेड बंद, भाडं मात्र चालू. तेव्हा गणपतीच्या आधीच दिवाळीचं बाजूला काढायला लागा. पावसाळ्यात पॉलिशची कामं घेताना पण विचार करा, हवेत ओल असली की पॉलिश पांढरट पडतं, परत मारावं लागतं आणि शेवटचा हप्ता त्याच्यातच लटकतो. मी जून ते ऑगस्ट पॉलिशचं वेगळं बिल करतो, लाकूडकामाचे पैसे मोकळे.

आणखी एक, गिऱ्हाईकाचा ॲडव्हान्स वेगळ्या खात्यात ठेवा. लाकूड कापलं जाईपर्यंत तो पैसा त्याचा आहे.

रंधा_भोसरी
सगळ्यांचे आभार, ते ५३ हजारांचं गणित सात वर्षांत एकदाही मांडलं नव्हतं. दोन नवीन चौकशांना १० + ५० + ३० + १० पाठवलंय, एकाने काही न बोलता १० टाकले, दुसऱ्याचा फोन नाही. उद्यम नोंदणी केली.

काल सकाळी स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्या बिजागरीवाल्यांकडे गेलो. स्क्रू पाव फेरा फिरवला, आवाज बंद. दोन महिने मी चिडून गेलोच नव्हतो, हे पण कबूल करतो. त्यांनी तिथेच ४० हजार जीपे केले, उरलेले ३० सोमवारी म्हणालेत.

पटाशी_कोल्हापूर
कुठला सोमवार ते विचारलंस का?