मदत हवी आहे: सिबिलवर 'सेटल्ड' शेरा, घरकर्ज अडलंय

नमस्कार मंडळी,

२०२० च्या टाळेबंदीत नोकरी गेली आणि क्रेडिट कार्डाचे ६८ हजार थकले. वसुलीवाल्यांच्या फोनने जीव नकोसा झाला होता. शेवटी बँकच म्हणाली, ३० हजार एकरकमी भरा, प्रकरण मिटवू. आईची भिशी लागली होती, त्यातून भरले. मला वाटलं, सुटलो.

आता नाशिकात वन बीएचके बघितलाय. बँकेने सिबिल (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी कंपनी) कडून माझा रिपोर्ट काढला तर स्कोअर ६४१ आणि त्या कार्डापुढे 'सेटल्ड'. घाबरून महिनाभरात ॲपवरून आणखी चार ठिकाणी अर्ज केले, सगळीकडून नकार. एक एजंट १५ हजारांत शेरा पुसून देतो म्हणतोय. द्यावेत का? बिल्डरला टोकन देऊन बसलोय, त्यामुळे झोप उडालीय.

– गोदाकाठ

जमाखर्च:
एजंटला दमडी देऊ नका. सिबिल स्वतःहून काही पुसत नाही, बँक जे कळवते तेच तिथे दिसतं. 'सेटल्ड' म्हणजे बँकेने उरलेल्या रकमेवर पाणी सोडलं, आणि पुढचा कर्ज देणारा नेमकं तेच वाचतो. शाखेत लेखी अर्ज द्या: उरलेली मुद्दल भरतो, दंडव्याज माफ करा, खातं 'क्लोज्ड' म्हणून कळवा. पैसे भरण्याआधी हे त्यांच्याकडून लेखी घ्या, भरल्यावर बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नाही असं पत्र. तरीही नोंद बदलली नाही तर बँकेकडे आणि सिबिलकडे तक्रार टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मात्र हप्ते चुकल्याची जुनी नोंद लगेच जात नाही, तशी मनाची तयारी ठेवा.

आणि ते अर्ज आधी थांबवा हो! प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर उमटते, त्याने स्कोअर घटू शकतो.

सांगलीकर:
मीही यातून गेलोय. स्कोअर सुधारायला २० हजारांची एफडी ठेवून तिच्यावर क्रेडिट कार्ड घेतलं. फक्त पेट्रोल त्यावर, मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत, आणि बिल पूर्ण भरायचं. 'मिनिमम ड्यू'च्या (बिलातली किमान भरायची रक्कम) नादी लागू नका, बाकीवर व्याज चढतच राहतं. रिपोर्ट सिबिलसह एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क अशा चारही ठिकाणी वर्षातून एकदा फुकट मिळतो. स्वतः बघितल्याने स्कोअर घटत नाही. कुणाला जामीन राहिला असाल तर तेही तपासा, माझ्या रिपोर्टात मेव्हण्याचं ट्रॅक्टरचं कर्ज निघालं होतं.

गोदाकाठ:
दोघांचे आभार. एजंटला नाही म्हणून कळवलं. पण सेटलमेंटचं पत्र सापडत नाहीये, नुसता ३० हजार मिळाल्याचा मेसेज आहे. तेवढ्यावर शाखा ऐकेल का?

जमाखर्च:
मेसेजची छापील प्रत आणि त्या महिन्याच्या खातेउताऱ्याचं पान जोडा. पत्राची प्रत त्यांच्याकडेच मागा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका.