गिअर ग्राइंडिंग मशीन घ्यावं का? सल्ला हवा

हॉबवाला_भोसरी:
मंडळी, भोसरीत गिअर कटिंगचं जॉबवर्क करतो. दात कापायची दोन हॉबिंग, एक शेपिंग मशीन, सगळी जुनी एचएमटी. काम बहुतेक ट्रॅक्टरचं, म्हणजे पाऊस बरा तर आम्ही बरे. आता एक पार्टी इलेक्ट्रिक गाडीच्या रिडक्शन गिअरसाठी मागे लागलीय. दात ग्राउंड (ग्राइंडरवर घासलेले) हवेत, डीआयएन ६ (अचूकतेचा जर्मन दर्जा). सेकंडहँड ग्राइंडर बघून ठेवलाय, बँकही तयार आहे. घेऊ का?

शिरोलीचा_पाहुणा:
ऑर्डर कागदावर आहे की चहावर? एका पार्टीच्या शब्दावर हप्ता अंगावर घेऊ नका भाऊ.

दातमोजणी:
मागणी खोटी नाही. अशा गाडीत बहुधा एकच स्पीड, त्यामुळे गिअर मोजके. पण मोटर दहा हजार आरपीएमच्या वर पळते आणि आवाज झाकायला इंजिन नाही. दात जरा चुकला की शिट्टी थेट केबिनमध्ये. म्हणून ग्राइंडिंग मागतात.
तुमचं हीट ट्रीटमेंट (भट्टीत तापवून दात कडक करणं) कुठं होतं? खरी मेख तिथंच आहे.

हॉबवाला_भोसरी:
बाहेरून करून घेतो. मटेरियल २०एमएनसीआर५ स्टील. तपासणीला डबल फ्लँक रोलर (मास्टर गिअरशी फिरवून बघायचं यंत्र) आहे, बाकी काही नाही.

दातमोजणी:
मग ग्राइंडर आत्ता नको. कार्बुरायझिंगनंतर (भट्टीत पृष्ठभागात कार्बन मुरवल्यावर) गिअर वाकडा होतो. ग्राइंडिंगला एका फ्लँकवर (दाताच्या बाजूवर) ०.१० ते ०.१५ मिमी माल ठेवलेला असतो. डिस्टॉर्शन त्याहून जास्त निघालं तर एका बाजूची केस (वरचा कडक थर) उडते आणि दुसऱ्या बाजूला ग्राइंडिंग व्हील लागतही नाही. वरून चकाचक दिसतो, गाडीत पिटिंग होऊन (दातांना खड्डे पडून) परत येतो.
शिवाय डबल फ्लँकवर नुसता एकत्रित एरर कळतो. लीड (दाताची लांबीतली दिशा), प्रोफाइल (दाताचा आकार) वेगवेगळं दिसत नाही. डीआयएन ६ कशाच्या जोरावर सही करून देणार? हॉबही (दात कापायचं हत्यार) प्रोट्युबरन्सचा, म्हणजे टोकाला फुगवटा असलेला लागेल, नाहीतर व्हील रूटमध्ये (दाताच्या बुडाशी) घासून पायरी पडते. ग्राइंडिंग बर्न (घासताना जळालेले भाग) शोधायला नायटल एच (ॲसिडची चाचणी) आलं, ते वेगळंच. मशीनची किंमत सगळे विचारतात, ह्याची कुणी विचारत नाही.
माझं मत: पहिली लॉट हॉबिंग तुमच्याकडे, ग्राइंडिंग बाहेर. मार्जिन जाईल, जाऊ दे. हीट ट्रीटमेंटच्या आधी आणि नंतर त्याच गिअरचे लीड-प्रोफाइलचे चार्ट काढा.

हिशेबनीस:
पैशाचं बोला की. उद्यम नोंदणी (सरकारची लघुउद्योग नोंदणी) आहे ना? बिलावर नंबर छापा. एमएसएमई (लघुउद्योग) कायद्यात पार्टीला पैसे द्यायला कमाल ४५ दिवस आहेत, लेखी करार नसेल तर १५. पण नव्वद दिवस लावणाऱ्या पार्टीला नोटीस पाठवली की पुढची ऑर्डर शेजारच्या शेडमध्ये जाते, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून हप्ता ट्रॅक्टरच्या कामातून निघतो का ते बघा. निघत नसेल तर विषय संपला.

हॉबवाला_भोसरी:
निघतो, पण ओढाताण होईल. आधी लॉट बाहेरून ग्राइंड करून बघतो. भोसरी-चाकण भागात लीड-प्रोफाइल जॉबवर तपासून देणारं कुणी माहीत असेल तर व्यनि करा.